डावीकडची खालची क्लिप

धुराच्या दिवसांत आमच्याकडे सकाळ होतच नाही. म्हणजे कोंबडे आरवतात, मशिदीतून अजान होते, बायका चहाकॉफीला आधण ठेवतात, सगळं वेळच्या वेळी होतं. फक्त उजेड तेवढा येत नाही. जांबी शहराच्या रस्त्यालगतच्या, पालापाचोळा कुजून झालेल्या दलदलीच्या जमिनी एकदा पेटल्या की वरून कितीही पाणी मारा, आतून धुमसतच राहतात. मग भर दुपारी आभाळ पिकलेल्या पपईसारखं दिसतं, दुकानांतून दिवे लागतात, आणि समोरून येणारा माणूस अंगावर आदळेपर्यंत कळत नाही. वास तर इतका मुरतो की भातालाही तोच आणि उशीलाही तोच.

अशाच एका दुपारी वागिरान डोक्यावरचा दिवा लावून भावी जावयाची मोटारसायकल खोलायला बसला.

वागिरानचं गॅरेज म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. मागे कसाव्याच्या झाडांचा एक तुकडा, त्याच्या पलीकडे घर. इंजिनाचं कामही तो करायचा, पण नाव झालं होतं ते फेअरिंगसाठी. गाडीच्या अंगावरचं ते प्लॅस्टिकचं कवच असतं ना, ते. पडलेल्या गाडीचं कवच उतरवायचं, तडे सांधायचे, रंग मारायचा आणि परत असं बसवायचं की फटीत नखसुद्धा शिरू नये. यात काय एवढं, बोल्ट काढायचे नि बोल्ट लावायचे, असं कोणी म्हटलं की संपलंच.

"लाव ना मग तूच!" वागिरान पाना त्याच्यासमोर धरायचा. "लांब बोल्ट आखूड जागी घातलास की आतली वायर फोडतो. आखूड बोल्ट लांब जागी घातलास की आट्यांसकट बाहेर येतो. मग धावत्या गाडीचं पॅनेल उडून मागच्याच्या थोबाडावर बसलं की ये इकडे रडत."

त्याची एक पद्धत होती. शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर पॅनेलचा आकार काढायचा, आणि जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर बरोबर तिथेच टोचून ठेवायचा. क्लिपांचंही तेच. काम संपलं की पुठ्ठा रिकामा झाला पाहिजे. पुठ्ठ्यावर एखादा वायसर जरी उरला, तरी वागिरानला त्या दिवशी जेवण जायचं नाही. आणि एवढं करून गिऱ्हाईक परत आलं, "काका, गाडी उभी असली की आतून टकटक वाजते हो," म्हणालं, तर त्याचं उत्तर ठरलेलं. "ऊन लागलं की प्लॅस्टिक फुगतं, क्लिपा वाजतात. तुझी बायको दिवसभर वाजते, तिला आणतोस का माझ्याकडे खोलायला?"

तर ही गाडी हेंद्रोची. हेंद्रो पाम तेलाच्या मळ्यात तोलकाट्यावर कामाला. उंच, देखणा, बोलायला मऊ. वागिरानच्या एकुलत्या एक मुलीशी, विनार्तीशी, त्याचं लग्न ठरलेलं. येत्या शुक्रवारी निकाह, आणि निकाहानंतर नवरानवरी याच लाल गाडीवर बसून त्याच्या घरी जाणार होती. गाडी आदल्या संध्याकाळी आली तेव्हा तिची डावी बाजू खरवडलेली होती आणि पॅनेलला ही एवढी चीर.

"मांजर आडवं आलं, काका," हेंद्रो म्हणाला होता. "धुरात दिसलंच नाही. गाडी घसरली, मी वाचलो."

"आणि मांजर?"

"गेलं." त्याने मान खाली घातली. "अंगातला शर्ट काढला, त्यात गुंडाळलं आणि पुरलं. आपल्याकडे करतात तसं. सगळं नीट केलं मी."

आमच्याकडे मांजर गाडीखाली आलं तर कोणी तसंच पुढे जात नाही. थांबायचं, अंगातलं वस्त्र काढायचं, त्यात गुंडाळून मातीआड करायचं. जो करत नाही त्याच्या मागे मग ते लागतं, असं म्हणतात. कोणाची चेष्टा करण्यातली ही गोष्ट नव्हे. त्यामुळे घरात सगळ्यांना उलट बरंच वाटलं. विनार्ती तर फुशारून गेली, कारण तो निळा शर्ट तिनेच ईदला घेतलेला. "मांजराला दिला त्यांनी, आई! दुसरं कोणी जुनं फडकं शोधलं असतं." वागिरानची बायको सुमिराह हळूच नवऱ्याला म्हणाली, "अहो, पोरगा मनाचा चांगला आहे. माझ्या पोरीला सांभाळील."

वागिरानने फक्त एक विचारलं होतं. "पॅनेल कुठे उघडायला गेला नाहीस ना? सगळं काम मला बिघडवून ठेवतात लोक."

"छे, काका. मी हातही लावला नाही."

आता दिव्याखाली वागिरानने पहिला बोल्ट काढला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

बोल्ट लांब होता. ती जागा आखूड बोल्टाची. दुसरा आखूड निघाला, तो असायला हवा होता टाकीजवळ. तिसऱ्याचे आटेच खाल्लेले, कोणीतरी जोर लावून वाकडाच फिरवलेला. जो कोणी होता त्याने पॅनेल पुरतं उतरवलं होतं आणि मग घाईघाईने, हाताला येईल तो बोल्ट सापडेल त्या भोकात कोंबत परत बसवलं होतं.

"हातही लावला नाही म्हणे," वागिरान पुटपुटला. "गाढव कुठला."

पण मनातून तो थांबला. गाडी मांजराला धडकली तर पॅनेल उतरवायचं कारणच काय? चीर पडली, पडू दे. तशीच चालवत आणायची.

शेवटी राहिली ती डावीकडची खालची क्लिप. तिथे क्लिप नव्हतीच. दुमडलेली एक तार होती, दोन्ही टोकं दाबून भोकात खुपसलेली, आत जाऊन ती फाकली होती आणि घट्ट धरून बसली होती. काळी, चिखलाने माखलेली. वागिरानने ती पक्कडीने ओढून काढली, आणि सवयीने पुठ्ठ्यावर तिच्या जागी टोचली.

पॅनेल सुटलं आणि आतून वास आला.

धुराचा नव्हे. कितीतरी दिवसांत धुराशिवाय दुसरा वास नाकाला माहीतच नव्हता, म्हणून तो चटकन वेगळा कळला. ओली हळद. चिंच, आलं, वितळलेला गूळ. पॅनेलच्या आतल्या बाजूला पिवळा ओघळ वाळला होता. वागिरानने रॉकेलचा बोळा फिरवला, मग साबण. डाग जरा फिका झाला आणि बोटं पिवळी झाली. तो कितीतरी वेळ बोटांचा वास घेत बसला. वास ओळखीचा होता, अगदी रोजचा, पण कुठला ते आठवेना.

"भाऊ, कॉफी ठेवते हं इथे." शेजारच्या टपरीवरची कातेम तोंडाला ओला पदर बांधून आली. ग्लासवर बशी झाकलेली, नाहीतर राख पडते. "सोयाबीनचं तेंपे तळलंय गरम, आणू?"

"नको."

"पोरीच्या लग्नात बापाने खायचं सोडलं का काय!" ती हसली, मग खांबाला टेकली. "बरं, तुम्हाला पोनिएम आजी दिसल्या का हो कुठे? चार-पाच दिवस झाले, जामू नाही आला. तो कडू घोट पोटात गेल्याशिवाय माझं काही चालत नाही बाई. काल त्यांच्या खोलीवर गेले तर कुलूप. लोक म्हणतात धुराला कंटाळून जावा बेटावर बहिणीकडे गेल्या असतील."

वागिरानचा हात थांबला.

पोनिएम आजीला ओळखत नाही असं आमच्या रस्त्यावर कोणी नव्हतं. पाठीवर टोपली, टोपलीत जामूच्या बाटल्या, सगळा भार एका लांब सुती पट्ट्याने खांद्यावरून छातीशी बांधलेला. आजी दिसायच्या आधी ऐकू यायची, किण् किण्, किण् किण्. हळद, चिंच, आलं. कोणाला खोकला, कोणाला बाळंतपण, कोणाचं अंग दुखतंय, आजी टोपली उतरवून पेला भरणार आणि वर दोन शिव्या फुकट देणार.

"न सांगता कशी जाईल?" वागिरान म्हणाला. "लग्नाच्या आठवड्यात विनार्तीला रोज एक पेला मीच पाजणार, असं कबूल करून गेलीय ती."

"तेच म्हणते मी," कातेम म्हणाली आणि टपरीकडे गेली. दहा पावलांवर धुराने तिला गिळलं.

वागिरानने मग जास्त विचार करायचा नाही असं ठरवलं. चीर सांधली, रंग आधीच जुळवून ठेवला होता तो मारला, दिव्याच्या उबेत वाळवला. डब्यातून बरोबर मापाचे बोल्ट निवडले. लांब ते लांब, आखूड ते आखूड. पॅनेल गाडीला लावलं, ते कसं लोण्यासारखं बसलं. वरच्या क्लिपा एकेक दाबल्या. टक. टक. टक. हा आवाज त्याला फार आवडायचा. आता डावीकडची खालची. नवी कोरी क्लिप, कंपनीच्या मापाची. घातली, दाबली. टक.

तो पुसायला फडकं घेतो न घेतो तोच मागे पुन्हा आवाज झाला. टक. क्लिप निसटून फरशीवर पडली होती.

त्याने ती उचलली, दिव्याशी धरून पाहिली. कुठे काही मोडलेलं नव्हतं. पुन्हा घातली. बसली. हाताने ओढून पाहिली, घट्ट. मग हात काढला आणि नुसता बघत राहिला. क्लिप हळूहळू बाहेर आली. कोणीतरी आतून बोटाने ढकलावी तशी, सावकाश, आणि खाली पडली.

दुसरी क्लिप घेतली, तिसरी घेतली. तीच गत. शेवटी, का कोणास ठाऊक, त्याने पुठ्ठ्यावरची ती काळी तार उपटली आणि भोकात घातली. ती आत गेली आणि जागच्या जागी बसली. ओढली तरी हलेना.

बाहेर, रस्त्याच्या बाजूला, धुरात काहीतरी वाजलं. किण्... किण्.

"आजी?" वागिरान उठला. "पोनिएम आजी, तुम्ही का?"

काही नाही. रस्त्याच्या कडेपर्यंत गेला, तिथून आपलंच गॅरेज त्याला दिसेना, नुसता दिव्याचा पिवळा ठिपका. हळदीचा वास मात्र इथेही होता. तो परतला. पॅनेल सोडवून खांबाला टेकवून ठेवलं, बोल्ट परत पुठ्ठ्यावर टोचले. ती तार पक्कडीत धरून रॉकेलमध्ये बुडवली आणि जुन्या ब्रशने घासली. काळं निघून गेलं. खाली पितळ होतं. आणि जिथे तार दुमडली होती तिथे, बारीक, झिजलेली, मोगऱ्याची एक कळी.

अंबाड्यात खोचायचा आकडा. पोनिएम आजीच्या आईचा. लहानपणी विनार्ती ती कळी ओढायला जायची आणि आजी म्हणायची, "हात काढ ग चिमणे, तुझ्या लग्नात बघू."

वागिरान मटकन स्टुलावर बसला. त्याला आठवली ती आपली पोरगी, शुक्रवारी नटूनथटून या गाडीवर मागे बसणारी, या माणसाच्या कमरेला हात घालून. दुसरं काही त्याच्या डोळ्यांपुढे येईनाच.

हेंद्रो आला तो शीळ घालत. "झाली का, काका? म्हटलं जरा विनार्तीला..." त्याला वागिरानचा चेहरा दिसला. "काय झालं?"

"बस."

"काका, काय..."

"बस म्हणतो ना." वागिरानने तळहात उघडला. "हे कुठे सापडलं तुला?"

हेंद्रोने वाकून पाहिलं. त्याला खरंच कळलं नाही क्षणभर. "तार आहे ती. क्लिप तुटली होती, रस्त्यावर पडलेली दिसली, म्हटलं तात्पुरती..." तो थांबला.

"म्हणजे पॅनेल तू उघडलंस."

हेंद्रोने खांबाला टेकवलेल्या पॅनेलकडे पाहिलं.

"मांजर अंबाडा घालत होतं का रे?" वागिरान म्हणाला.

हेंद्रो खाली फरशीवरच बसला.

"दिसलंच नाही, काका. अल्लाहची शपथ. आधी बाटल्या ऐकू आल्या... मग धडक. तो पट्टा, तो तिचा लांब पट्टा, चाकाजवळून पॅनेलच्या आत गेलेला. ओढला तरी निघेना. ती त्यात अडकलेली. पॅनेल उघडल्याशिवाय सुटतच नव्हती..."

"आणि सुटल्यावर? दवाखाना होता. मी होतो. गाव होतं."

"ती गेली होती."

"नीट बघितलंस?"

"धूर होता..." हेंद्रो रडायला लागला. "लग्न होतं आठवड्यावर. तुरुंगात गेलो असतो. विनार्तीचं काय झालं असतं? मी तिला पामच्या रांगांत नेलं. शर्ट काढला, त्यात गुंडाळलं..."

"मांजरासारखं." वागिरान ओरडला. "न न्हाऊ घालता, बिनकफनाची, बिननमाजाची. मांजरासारखं!"

"सगळं तिच्याबरोबर ठेवलं मी. टोपली, बाटल्या. काही घेतलं नाही." मग तो फार हळू म्हणाला, "माती लोटत होतो ना... तेव्हा त्या वाजत होत्या."

"माती पडल्यावर बाटल्या वाजणारच."

"नाही, काका." हेंद्रोने डोळे वर केले. "मी थांबलो की वाजायच्या."

या पोराला वागिरानने आपल्या ताटाशेजारी बसवून जेवू घातलं होतं. त्याला मारावं असं वाटलं आणि हात उचलेना.

"तिला सांगू नका," हेंद्रो म्हणाला. "शुक्रवार जाऊ दे. मग तुम्ही म्हणाल तिथे मी..."

किण्.

दोघांनीही ऐकलं. रस्त्याच्या बाजूने. किण्... किण्... चालणाऱ्या माणसाच्या पावलाबरोबर वाजावं तसं, आणि एक पाऊल जरा फरफटत. धुरात काही दिसत नव्हतं. कातेमच्या टपरीचा दिवा एकदा झाकला गेला आणि परत दिसला.

हेंद्रो ओरडलाही नाही. उठला, उघड्याबोडक्या डाव्या बाजूच्या गाडीवर बसला, किक मारली आणि धुरात घुसला. इंजिनाचा आवाज मळ्याच्या दिशेने लांब लांब जात राहिला. बाटल्यांचा मात्र थांबला होता. वागिरानला तेच जास्त भयंकर वाटलं, कारण तो थांबला तेव्हा मागच्या बाजूला होता. घराच्या बाजूला.

आकडा मुठीत आवळून तो कसाव्यातून धावत सुटला. पानं तोंडावर फटाफट लागत होती. "विनार्ती! विने!"

विनार्ती मागच्या पायरीवर बसली होती. हातापायांना लग्नाचं पिवळं उटणं लावलेलं, केस नुकतेच धुतलेले. तिच्या शेजारी एक रिकामा पेला.

"केवढ्याने ओरडताय, बाबा! काय झालं?"

"तू... ठीक आहेस ना? आई कुठाय?"

"विहिरीवर गेलीय. आत्ता आजी येऊन गेल्या. कातेममावशी उगाच म्हणत होत्या बहिणीकडे गेल्या म्हणून."

वागिरानने पायरीचा कठडा धरला. "कोण आजी?"

"पोनिएम आजी हो! किती मळल्या होत्या. म्हटलं, आजी, एवढी माती कसली? तर म्हणाल्या, मळ्यात पडले ग. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत." तिने पेला उचलून दाखवला. "कबूल केलं होतं म्हणून जामू घेऊन आल्या. पण बाबा, गार होता. नेहमी कसा कोमट असतो... अगदी मातीसारखा गार."

"प्यायलीस तू?"

"मग? त्या उभ्या होत्या ना समोर." तिने मान वळवली, आणि दिव्याचा उजेड तिच्या केसांवर पडला. ओल्या अंबाड्यात, घासून लख्ख केलेला पितळी आकडा. मोगऱ्याची कळी. "हे बघा, हाही दिला. म्हणाल्या, तुझ्या बापाने काढून स्वच्छ करून दिला. माझ्या केसांची माती झालीय, आता राहत नाही. तूच घाल."

वागिरानने सावकाश मूठ उघडली. आत क्लिप होती. काळी, कोरी, कंपनीच्या मापाची.

"अजून काही बोलली?" त्याने विचारलं.

"नाही. जाताना फक्त विचारलं, तो कुठल्या वाटेने गेला ग? यांच्या गाडीचा आवाज मी नुकताच ऐकला होता, मळ्याकडे जाताना. मी बोट दाखवलं." विनार्तीने बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "बाबा... का? काय झालं?"

त्याने तिला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली, मग उटण्याचे पिवळे हात मांडीवर ठेवून बराच वेळ रडली. आकडा मात्र तिने काढला नाही.

वागिरान गॅरेजमध्ये परत आला तेव्हा दिवा तसाच जळत होता. खांबाला टेकवलेलं डावं पॅनेल तिथे नव्हतं. पुठ्ठा खाली पडला होता आणि त्याच्यावर नुसती भोकं. एकही बोल्ट उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, गावातली माणसं आली, हातात टॉर्च घेऊन सगळे मळ्यात शिरले. विनार्तीही आली, नको म्हटलं तरी. पामच्या दोन रांगांच्या मध्ये लाल गाडी स्टँडवर सरळ उभी होती. किल्ली गाडीलाच, खाली हेंद्रोच्या चपला, जोडीने काढून ठेवल्यासारख्या. शेजारी भुसभुशीत मातीचा उंचवटा. उकरल्यावर आजी सापडली. निळ्या शर्टात, केस मोकळे, केसांत माती. बायकांनी तिला गावात नेऊन न्हाऊ घातलं, पांढऱ्या कफनात गुंडाळलं, आणि सगळ्या गावाने तिच्यासाठी नमाज पढला. तिचं जे व्हायला हवं होतं ते झालं. हेंद्रोचा मात्र पत्ता लागला नाही. पुढे एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

आणि गाडीला डावं पॅनेल लावलेलं होतं.

वागिरान तिच्याभोवती एकदा फिरला. लांब बोल्ट लांब जागी, आखूड आखूड जागी. फटीत नख जाणार नाही असं. स्वतःच्या हातून इतकं नीट काम त्याने कधी पाहिलं नव्हतं. डावीकडच्या खालच्या भोकातसुद्धा बरोबर क्लिप होती.

"काका, हे जरा खोला," पोलीस अधिकारी म्हणाला. "आत रक्त, कपडा, काही सापडलं तर पुराव्याला होईल."

वागिरान गुडघ्यांवर बसला. टी-पाना काढला आणि पहिल्या बोल्टावर ठेवला. तो बरोबर बसला.

टक.

आवाज आतून आला होता.

टक... टक. फार बारीक, दमलेला. जवळ कान नेला नसता तर ऐकूही आला नसता. मग नख प्लॅस्टिकवरून ओढावं तसं काहीतरी, आणि मग पुन्हा, त्याच्या पान्याच्या अगदी खाली, घाईघाईने, टक टक टक टक. पाना लागला हे आत कळलं होतं.

पॅनेल आणि इंजिन यांच्यामध्ये असते केवढी जागा? मांजरसुद्धा मावलं नसतं.

"बाबा," मागून विनार्ती हळूच म्हणाली, "काय आहे आत? उघडा ना."

वागिरानने मागे वळून पाहिलं. तिचा रडून सुजलेला चेहरा, तिच्या अंबाड्यातली ती पितळी कळी. तिच्यापलीकडे धूर, आणि धुरात, कदाचित त्याला वाटलं असेल, कोणीतरी पाठीवर ओझं घेऊन थांबलेलं. त्याने पाना बोल्टावरून काढला, फडक्याने पुसला आणि खिशात ठेवला.

"पाना बसत नाही," तो म्हणाला.

ती गाडी अजून पोलीस चौकीच्या मागच्या आवारात उभी आहे. तिच्यावर हक्क सांगायला कोणी आलं नाही, आणि खोलायचं तर आमच्या भागात तसा हात एकाचाच. विनार्तीने पुढे लग्न केलं, तिकडे नदीपलीकडे दिलीय. वागिरान अजून पुठ्ठ्यावर बोल्ट टोचत बसतो, पण आताशा फार बोलत नाही. परवा धूर सुरू झाल्यावर चौकीवरचा नवा शिपाई त्याच्याकडे आला होता. बराच वेळ चुळबुळ करत उभा राहिला.

"काका, ती मागची लाल गाडी... आतून टकटक वाजते हो. दिवसभर. माझी खुर्ची त्या भिंतीला आहे."

वागिरानने मान वर केली नाही. "ऊन लागलं की प्लॅस्टिक फुगतं. क्लिपा वाजतात."

शिपायाने तोंडावरचा रुमाल खाली केला आणि रस्त्यावरच्या त्या पिवळ्या अंधाराकडे पाहिलं.

"पण काका," तो म्हणाला, "ऊन पडलंय कुठे?"